नदीकाठच्या रुमालातली चोरी

१

दप्तरखान्यात चोरी झाली, हे ऐकून मुख्य कचेरीत आधी सगळे हसले. चोराने न्यावं असं तिथे होतं तरी काय? पिवळा पडलेला कागद, वाळवीचं औषध आणि एक पाय आखूड असलेली टेबलं. पण गेलेलं पुस्तक कोणतं ते कळलं तेव्हा हसू आटोपलं आणि चौकशीबाईंना बोलावणं गेलं.

चौकशीबाईंचे केस हरवलेल्या फायली शोधण्यात पांढरे झाले होते. त्यांच्या मते सरकारात काहीच हरवत नाही. कोणीतरी ते कुठेतरी ठेवतो आणि विसरतो, किंवा विसरल्याचं सोंग करतो. या दोघांतला फरक ओळखायचा, एवढंच त्यांचं काम. त्या कोणावर आवाज चढवत नसत, पण समोरचा बोलून संपला तरी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहत, आणि बहुतेक माणसं त्या गप्पपणाला घाबरून आणखी चार वाक्यं बोलून जात.

देशातल्या पहिल्या गणतीची घरोघरची पुस्तकं बहुतेक शहरांत केव्हाच रद्दीत गेली होती. आकडे जुळवून झाले, अहवाल छापून झाला, मग कागद कशाला सांभाळायचा, असा तेव्हाचा विचार. या शहराची काही पुस्तकं वाचली ती निव्वळ आळसामुळे. रद्दीवाल्याला बोलवायचं राहून गेलं, आणि इतिहासाचे अभ्यासक आता त्या आळशी कारकुनाला दुवा देत होते. ही पुस्तकं जाड सुती कापडात बांधून कपाटात ठेवलेली असत. अशा गाठोड्याला दप्तरखान्यात रुमाल म्हणतात. ‘नदीकाठ’ अशी चिठ्ठी लावलेल्या रुमालात चार पुस्तकं असायची. आता तीन होती.

गेलेल्या पुस्तकावर ‘धक्का ते पूल’ असं लिहिलेलं होतं. त्याच पट्ट्यात आज नावाड्यांची वस्ती होती आणि वस्तीवरून नवा रस्ता जायचा होता. कायदा असा की पहिल्या गणतीच्या वेळी जे कुटुंब त्या जागी होतं, त्याच्या वंशजांना तिथून उठवता येत नाही. सुनावणी शुक्रवारी होती. पुरावा वस्तीने द्यायचा होता. पुस्तक नाही तर पुरावा नाही, आणि पुरावा नाही तर वस्ती नाही.

बाईंनी कपाट पाहिलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली दिवसा वाचनकक्षातल्या खिळ्याला लटकत असे, म्हणजे कुलूप असून नसून सारखंच. मग त्यांनी रुमाल सोडला. उरलेली तीन पुस्तकं नीट एकावर एक रचलेली होती. डांबराच्या गोळ्या चारी कोपऱ्यांत परत ठेवलेल्या होत्या. कापडाच्या घड्या जुन्या घड्यांवरच बसवून वर गाठ मारली होती.

“चोर टापटिपीचा दिसतोय,” बाई म्हणाल्या.

दप्तरखान्याचे प्रमुख शेजारीच उभे होते. त्यांना सगळे दप्तरदार म्हणत. सडसडीत, निवृत्तीला आलेले, शर्टाच्या खिशात कायम पेन्सिल. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला.

“चोर कोण ते मला माहीत आहे, बाई. वाईट एवढ्याचंच वाटतं, की मुलगी फार हुशार आहे.”

२

“नावाड्याची नात आहे ती,” दप्तरदार आपल्या खोलीत बसल्यावर सांगू लागले. “पहिल्या गणतीवर प्रबंध लिहितेय. दोन वर्षं रोज इथे येते. शनिवारी सगळ्यात शेवटी तीच बाहेर पडली. पोलिसांना तिचं नाव देणं भाग होतं मला.”

“पण तिने का न्यावं? पुस्तक तर तिच्याच लोकांच्या उपयोगाचं.”

“म्हणूनच. रस्तेवाले येऊन पुस्तकाचं काही बरंवाईट करतील अशी भीती वाटली असेल. जपून ठेवावं म्हणून नेलं, आणि आता परत आणायला जीव घाबरत असेल. लहान आहे हो अजून.”

“वस्तीची नोंद आहे म्हणता त्या पुस्तकात?”

“असणारच. दुसऱ्या गणतीची पूर्ण सूची मी केली आहे. माझ्या उमेदीची वर्षं त्यात गेली. दुसऱ्या गणतीत नदीकाठच्या पुस्तकात पहिल्या पानापासून होड्याच होड्या आहेत. पहिली तिच्याआधी दहाच वर्षं झालेली.”

“आणि पहिलीची सूची?”

“ती करायची राहूनच गेली. माणसं कुठे देतात आम्हाला?”

बाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. दप्तरदारांनी मात्र आणखी काही बोलायचं टाळलं. टेबलावरच्या कागदांच्या कडा एका रेषेत आणल्या आणि चहा मागवला.

शनिवारी दप्तरखान्यात आणखी कोण कोण आलं होतं, हे बाईंनी विचारून घेतलं. नावाड्याची नात, रस्ते खात्याचे इंजिनिअर, आणि पुस्तकांची डागडुजी करणारे बाइंडरमामा. शिवाय दप्तरदार स्वतः. शनिवारी अर्धा दिवस, त्यामुळे बाकी कोणी फिरकलं नव्हतं.

“मामांवर शंका घेऊ नका,” दप्तरदार म्हणाले. “जिभेने तिखट आहेत, पण माणूस सरळ आहे.”

बाईंनी मान हलवली. कोणावर शंका घेऊ नये हे जो सांगतो, त्याचं म्हणणं त्या नेहमी नीट लक्षात ठेवत.

३

बाइंडरमामा तळमजल्याच्या टोकाला बसत. खोलीत खळीचा वास आणि चहूकडे डागडुजीला आलेली पुस्तकं. मामांनी बाईंना स्टूल दिलं, स्वतः उभे राहिले आणि तक्रारींनी सुरुवात केली. कात्री बोथट होती, खळ वेळेवर येत नव्हती, खिडकीला काच नव्हती.

“ते पुस्तक तुमच्याकडे आलं होतं का?” बाईंनी मध्येच विचारलं.

“आलं होतं ना. त्या मुलीने मागे वाचायला घेतलं तेव्हा पानं सुटायला लागली होती. तिनेच आणून दिलं, दुसरं कोण देतंय? शिवण नवी घातली आणि तिन्ही उघड्या बाजूंनी पातळ कागदाची पट्टी चिकटवून बंद केलं. म्हटलं, आता सुनावणीत न्यायाधीशच फोडतील पट्टी. तोवर कोणी हात लावायचा नाही.”

“म्हणजे ते उघडलं तर पट्टी फाटणार?”

“फाटल्याशिवाय उघडेल कसं? आणि परत तशी पट्टी चिकटवायला माझाच हात पाहिजे. तसला कागद माझ्या पेटीत असतो आणि पेटीची किल्ली माझ्या कमरेला.”

बाईंनी मग मामांच्या देखत तो डागडुजीचा ढीग एकेक करून उलटापालटा केला. हात खळीने चिकट झाले, साडीला धूळ लागली, पुस्तक मिळालं नाही. मामा शांतपणे बघत होते.

“तुमची शंका कोणावर?”

“त्या रस्तेवाल्यावर. दुसऱ्या कोणाला नको झालंय ते पुस्तक? वस्ती वाचली तर रस्ता मागच्या गल्लीतून न्यावा लागेल, आणि तिथे पक्की घरं आहेत. आमच्या साहेबांच्या ताईंनी तिथेच बांधलंय की. बिचाऱ्या विधवा बाई, शिकवण्या घेऊन एकेक खोली चढवली. वास्तूला आम्ही सगळे गेलो होतो.”

मामा बोलून गेले आणि खळ ढवळायला लागले. बाईंनी चिकट हात पुसले.

रस्ते खात्याचे इंजिनिअर मात्र आरोपाने मुळीच बिचकले नाहीत. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. निळी रेघ वस्तीवरून जात होती, हिरवी मागच्या गल्लीतून.

“मला दोन्ही रेघा सारख्याच,” ते म्हणाले. “निळी सरळ आहे, हिरवीला एक वळण आहे. शनिवारी पुस्तक बघायला गेलो होतो, तिथले साहेब म्हणाले सुनावणीतच बघा. परत आलो. आणि खरं सांगू? पुस्तक बघून मला काय कळणार होतं? ती जुनी वळणदार लिपी आमच्या पिढीत वाचतं कोण?”

“मग गेला होतात कशाला?”

“वरिष्ठांनी विचारलं, पुस्तक पाहिलंत का. हो म्हणता यावं म्हणून.”

हे उत्तर इतकं सरकारी होतं की बाईंना त्याच्यावर विश्वास ठेवावाच लागला.

४

नावाड्यांची वस्ती म्हणजे नदीच्या उतारावर दाटीने बांधलेली पत्र्याच्या छपराची घरं आणि पुढे उपड्या घातलेल्या होड्या. म्हातारा नावाडी एका होडीच्या फटींत सुतळी ठासत होता. नात शेजारी बसून सुतळी पिळून देत होती. बाईंना बघून ती उठली.

“मी चोरलं नाही,” ती म्हणाली.

“बस. मी विचारलंय कुठे अजून?”

म्हाताऱ्याने वर पाहिलं. “बाई, आमच्याकडे चोरण्यासारखं काही नाही आणि लपवायला जागा नाही. एकेका घरात दोन दोन चुली आहेत. हवं तर झडती घ्या.”

“आजोबा, झडतीवाले वेगळे. मला फक्त हिच्याशी बोलायचंय.”

दोघी धक्क्याच्या पायरीवर बसल्या. मुलगी बराच वेळ नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत होती. बाईंनी नेहमीप्रमाणे वाट पाहिली.

“एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही,” ती शेवटी म्हणाली. “आजोबांनाही नाही. ते पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलंय. त्यात आमची वस्ती नाही.”

बाई तिच्याकडे वळून बसल्या.

“पहिल्या गणतीत आमचे लोक होड्यांतच राहायचे. गणतीच्या आधी महिनाभर गणक घरोघर फिरायचा, दारावर गेरूने आकडा घालायचा, काळ्या शाईने माणसं लिहायचा. गणतीच्या रात्री कंदील घेऊन पुन्हा जायचा आणि लाल शाईने दुरुस्त करायचा. कोणी मेलं तर खोडायचं, पाहुणा आला तर वाढवायचा. पण होडीला दार कुठे? आकडा घालायचा कशावर? होडी आज इथे, उद्या खाली. म्हणून पहिल्या वेळी होड्यांची मोजणी सगळ्या शहरात वेगळी केली. वेगळं पुस्तक. मोजलेल्या होडीला चिठ्ठी द्यायचे, पुढच्या धक्क्यावर पुन्हा मोजू नये म्हणून. दहा वर्षांनी तो घोळ नको म्हणून होड्या त्या त्या काठाच्या पुस्तकात घातल्या.”

“मग होड्यांचं पुस्तक कुठाय?”

“दप्तरखान्याच्या जुन्या कार्डावर ‘नष्ट’ असं लिहिलंय. मी फार शोधलं.” तिने हातातलं शेवाळ झटकलं. “आता सांगा, काय करायचं मी? हे बोलले असते तर आमच्या विरुद्ध मीच पुरावा दिला असता. आजोबा रोज सगळ्यांना सांगतात, पुस्तकात आपलं नाव आहे, नात वाचून आलीय. मी मान हलवते.”

“म्हणजे ते पुस्तक सुनावणीत उघडलं असतं तर तुमची वस्ती गेली असती.”

“हो.”

“मग मुली, ते नाहीसं करायचं सगळ्यात मोठं कारण तुझ्याकडेच आहे.”

“ते मलाही कळतं,” मुलगी म्हणाली.

५

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. कारण मुलगी त्यांना आवडली होती, आणि आवडलेली माणसंच चोर निघतात हा त्यांचा जुना अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दप्तरखान्यातून पहिल्या गणतीची छापील सूचनापुस्तिका मागवली. गणकांनी काय विचारावं, काय विचारू नये, लोक कराच्या भीतीने माणसं लपवतील तेव्हा कसं समजवावं, घरच्या बायकांची नावं सांगायला कोणी नाकारलं तर हट्ट न धरता नुसतं ‘बायको’, ‘मुलगी’ असं कसं लिहावं, सगळं त्यात होतं. होड्यांचं कलमही होतं. मुलगी खरं बोलली होती.

मग त्यांना आपलाच राग आला. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही? पुस्तक असलं काय आणि नसलं काय, मुलीला फरक काय पडत होता? पुस्तक उघडलं, वस्ती त्यात नाही, वस्ती हरली. पुस्तक हरवलं, पुरावा नाही, तरी वस्ती हरलीच. ज्याला हे ठाऊक होतं तो ते पुस्तक चोरण्याच्या भानगडीत पडलाच नसता. वस्ती वाचवणाराही नाही आणि बुडवणाराही नाही. बुडवणाऱ्याचं काम तर त्या पुस्तकानेच केलं असतं. सुंठीवाचून खोकला गेला असता.

म्हणजे चोर तोच, ज्याला वस्ती जायला हवी होती आणि जो समजत होता की वस्ती त्या पुस्तकात आहे.

आता चोराचं हे अज्ञान दूर करायचं, की पुढचं तो स्वतःच करणार होता. बाईंनी इंजिनिअरांना फोन करून एक खोटं सांगितलं, की वस्तीची नोंद त्या पुस्तकात असल्याचं नक्की झालंय. मामांना काहीच सांगितलं नाही. मुलीला गप्प राहायला सांगितलं. आणि घरी जाताना त्या दप्तरदारांच्या दारात क्षणभर थांबल्या.

“साहेब, फक्त तुमच्या कानावर घालते. हे सगळं नसतं खूळ निघालं. सूचनापुस्तिका वाचली मी. वस्ती त्या पुस्तकात नाहीच. पुस्तक मिळालं असतं तर सुनावणी अर्ध्या तासात संपली असती, रस्ता निळ्या रेघेने गेला असता.”

दप्तरदारांच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली आणि घरंगळत खाली गेली. त्यांनी ती उचलली नाही.

“असं?” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंचा चहा होतोय तोच फोन वाजला. दप्तरदारच बोलत होते. पुस्तक सापडलं होतं. मामांच्या डागडुजीच्या ढिगात.

६

“हा माझ्यावर आळ आहे,” मामा म्हणाले. “परवा बाईंनी स्वतः सगळा ढीग उपसलाय.”

दप्तरदारांच्या खोलीत चौघेच होते. मामा, मुलगी, दप्तरदार आणि बाई. पुस्तक टेबलावर होतं. बाईंनी ते हातात घेऊन तिन्ही बाजूंनी फिरवलं. पातळ कागदाची पट्टी जशीच्या तशी होती.

“मामा, ही पट्टी तुमचीच?”

मामांनी वाकून, बोट न लावता पाहिली. “माझीच. फाटलेली नाही.”

“म्हणजे ज्याने नेलं त्याने ते उघडलं नाही,” बाई म्हणाल्या. “उघडलं असतं तर त्याला त्याच दिवशी कळलं असतं की यात वस्ती नाही, आणि त्याने मुकाट्याने जागच्या जागी आणून ठेवलं असतं. त्याला ते काल कळलं. कारण काल मी सांगितलं. आणि मी ते एकाच माणसाला सांगितलं.”

मुलीने दप्तरदारांकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली, जणू तिचंच काही चुकलं होतं.

“मामांना मी काही बोलले नव्हते. इंजिनिअरांना उलटंच सांगितलं होतं. त्यांच्याकडे पुस्तक असतं तर ते आणखी खोल पुरलं गेलं असतं. या मुलीला सगळं आधीपासून ठाऊक होतं, तिला चोरून काही मिळणार नव्हतं. राहिला एक माणूस. दुसऱ्या गणतीत होड्या काठाच्या पुस्तकात होत्या, म्हणून पहिलीतही असणार असं धरून चालणारा. मला तसं स्वतःच बोलून दाखवणारा. चोरी करतानाही बाकीच्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या जागच्या जागी ठेवणारा. आणि ज्याच्या ताईंचं घर हिरव्या रेघेवर आहे. साहेब, काही चुकलं का माझं?”

दप्तरदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

“नाही,” ते म्हणाले.

मामा मटकन खुर्चीत बसले. साहेबांच्या समोर ते आयुष्यात पहिल्यांदाच बसले होते.

“जाळायला नेलं होतं,” दप्तरदार म्हणाले. “रविवारी ताईच्या घरी, ती शिकवणीला गेली तेव्हा. काडी पेटवली, विझवली. चाळीस वर्षं कागद वाचवण्यात गेली, हात धजेना. उघडूनही बघवेना. उघडलं असतं तर नावं दिसली असती. नावं दिसली की माणसं दिसतात.” मग ते मुलीकडे वळले. “तुझं नाव घेतलं, तेव्हा मात्र काही वाटलं नाही. त्याची लाज आत्ता वाटतेय.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, बाईंच्या मनात आलं. न चोरता या माणसाचं काम झालं असतं. चोरलं आणि नोकरी गेली, अब्रू गेली. पण लगेच दुसरा विचार आला आणि तो फार वाईट होता. चोरी उलगडली होती, मुलगी सुटली होती, पुस्तक परत आलं होतं. आणि ते पुस्तक उद्या सुनावणीत उघडणार होतं.

मुलगीही तेच बघत होती. “चोर सापडला,” ती हळूच म्हणाली, “आणि वस्ती बुडाली.”

७

बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला. काय लिहायचं ते स्पष्ट होतं, पेन मात्र उघडत नव्हतं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.

“होड्यांची मोजणी कोणी केली होती?” दप्तरदारांनी अचानक विचारलं.

“म्हणजे?” मुलगी म्हणाली.

“घरं गणकांनी मोजली. होड्या कोणी मोजल्या? पुस्तिकेत काय लिहिलंय?”

बाईंनी पुस्तिका उघडून कलम वाचलं. “धक्क्यावर जकात घेणाऱ्या कारकुनाने मोजाव्यात, कारण तो होडीवाल्यांना ओळखतो.”

दप्तरदार गप्प झाले. एक शब्दही पुढे न बोलण्याची मुभा त्यांना होती. हा प्रश्न त्यांना सुचला नसता तर कोणालाच सुचला नसता, हे बाईंना दिसत होतं आणि त्यांनाही. ते खिडकीकडे बघत होते. तिथून मागची गल्ली दिसत नव्हती, पण ते त्याच दिशेला बघत होते.

“कारकून जकात खात्याचा,” ते शेवटी म्हणाले. “मग त्याने बेरीज गणती खात्याला पाठवली असेल आणि पुस्तक आपल्या खात्यात ठेवलं असेल. गणती खात्याकडे ते आलंच नाही, म्हणून आमच्या कोणा जुन्या माणसाने कार्डावर ‘नष्ट’ लिहून टाकलं. न मिळालेल्या गोष्टीला नष्ट म्हणायची सवय आहे आम्हाला. जकातीचे रुमाल वरच्या माळ्यावर आहेत. ते कोणी मागितल्याचं मला आठवत नाही.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मामा पुटपुटले आणि शिडी आणायला धावले.

माळ्यावर उभं राहायला जागा नव्हती. दप्तरदार गुडघ्यांवर रांगत पुढे गेले, कारण चिठ्ठ्यांची जुनी पद्धत त्यांनाच कळत होती. एकेक रुमाल ते खाली देत, मामा झटकत, मुलगी सोडून बघत होती. खोकून खोकून सगळ्यांचे डोळे लाल झाले. धक्क्याच्या जकातीचे हिशेब, भांडणं, दंड. मग एक लांबट पुस्तक आलं. मुलीने पहिलं पान उलटलं आणि जमिनीवरच बसली.

“वाच,” बाई म्हणाल्या.

मुलगी वाचू लागली. जुनी लिपी तिच्या तोंडून सहज येत होती. धक्का ते पूल, उपरोक्त रात्री बांधलेल्या होड्या. होडीचा मालक, त्याचा भाऊ, भावाची बायको, नाव सांगत नाही. म्हातारी, नाव सांगत नाही, वय पुष्कळ. तान्हं मूल, लाल शाईत, त्याच रात्री जन्मलेलं. प्रत्येक होडीपुढे शेरा होता, कायम याच धक्क्यावर. एका नावाशी ती अडखळली. ते तिच्या आजोबांच्या आजोबांचं होतं. तिने ते परत वाचलं, मग आणखी एकदा, आणि रडायला लागली.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. सुनावणीत आधी मागवलेलं मूळ पुस्तक उघडतात, पण ऐनवेळी सापडलेलं तसं देता येत नाही. त्याची दप्तरखान्याच्या प्रमुखाने सही करून दिलेली प्रमाणित नक्कल द्यायची असते. आणि बाईंचा अहवाल दाखल झाला की प्रमुख निलंबित होणार, मग त्याच्या सहीला किंमत नाही. नवा माणूस नेमायला आठवडे जातील. चौकशीबाईंनी आयुष्यात अहवाल कधी एक तासही उशिरा दिला नव्हता.

“साहेब,” त्या म्हणाल्या, “माझा अहवाल अजून लिहून व्हायचाय. मला जरा वेळ लागेल.”

दप्तरदारांना समजलं. त्यांनी कपड्यांवरची धूळ झटकली, खोलीत जाऊन हात धुतले. मुलीने नक्कल उतरवली, त्यांनी ती मुळाशी ओळ न ओळ ताडून पाहिली, एका ठिकाणी तिची चूक काढून दुरुस्त करायला लावली. मग सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले. त्या सहीने वस्ती राहणार होती आणि ताईंचं घर जाणार होतं. त्यांनी नक्कल मुलीच्या पुढ्यात सरकवली.

“आता लिहा, बाई.”

बाईंनी लिहिलं. पहिलं पुस्तक यांनी चोरलं, दुसरं पुस्तक यांनीच शोधून दिलं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी, कोणत्याही वाक्यात एक शब्द कमी नाही आणि जास्त नाही.

मुलगी नक्कल छातीशी धरून दारापर्यंत गेली आणि थांबली. आपलं नाव पोलिसांत देणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, हे तिच्या प्रबंधात कुठे नव्हतं.

“सर,” ती म्हणाली, “ताईंच्या घराला मोबदला मिळतो. बदली जागासुद्धा मिळते, पण कोणी आपणहून देत नाही. अर्ज कुठे करायचे, कोणत्या टेबलावर कधी जायचं, कोणाला काय विचारायचं, हे आजोबांना तोंडपाठ आहे. पंधरा वर्षं तेच करतायत. ताईंना आमच्याकडे पाठवा.”

दप्तरदारांनी मान हलवली. मग खिशातून पेन्सिल काढून म्हाताऱ्या नावाड्याच्या घराकडे कसं जायचं ते तिला विचारलं आणि खाली मान घालून लिहून घेऊ लागले.